मिठाला पाणी सुटलं की भिंतीकडे बघा

आमच्या घरी पावसाळा कळायचा तो मिठाच्या बरणीतून. जूनचा दुसरा आठवडा उलटला की आई बरणीतलं मीठ चमच्यानं खरवडायची आणि म्हणायची, "सुटलं बघ पाणी." मग पापडाचे डबे दोरीनं करकचून बांधले जायचे, काडेपेटी फडताळातून ओट्यावर उबेला यायची आणि मिठात तांदळाचे चार दाणे पडायचे. पुढच्या आठ-दहा दिवसांत कपाटातल्या पट्ट्यावर पांढरी लव दिसायची आणि पलंगामागच्या भिंतीतून तो ओळखीचा कुबट वास यायला लागायचा.

बरणी आणि भिंत यांचा खरंच संबंध आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळू लागतं. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याच्याही आधी पाझरतं. भिंतीवर, लाकडावर, चामड्यावर बुरशी धरायलाही साधारण एवढीच, म्हणजे ७५-८० टक्क्यांपुढची आर्द्रता लागते. फक्त ती त्या पृष्ठभागाला लागून असावी लागते आणि काही दिवस टिकावी लागते. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलै-ऑगस्टची हवा दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वरच असते. त्यामुळे आपल्याकडे बुरशी येणार, हे गृहीत धरायचं. विचारायचं ते हे की ती नेमकी कुठे आली आणि पुसल्यावरही तिथेच का परत येते.

हे लिहायचं कारण म्हणजे दर पावसाळ्यात कुणा ना कुणाकडून भिंतीवरच्या काळ्या डागाचा फोटो येतो आणि खाली दोन प्रश्न असतात: "ही ती काळी बुरशी का? टेस्ट करून घेऊ का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. बहुतेक वेळा टेस्ट नको, आधी भिंतीला हात लाव. पण एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही, म्हणून हे सविस्तर.

ती खाते काय?

बुरशी ही वनस्पती नाही आणि प्राणीही नाही. ती सजीवांची एक वेगळीच शाखा आहे. इडलीचं पीठ फुगवण्यात हातभार लावणारं यीस्ट तिच्याच गोतावळ्यातलं. भिंतीवर आपल्याला डाग दिसतो तो बारीक तंतूंचा गालिचा असतो, आणि त्या तंतूंच्या टोकांवर बीजाणू धरतात. एक बीजाणू साधारण दोन ते दहा मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा किंवा त्याहून लहान. हे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. तुमच्या घरात आहेत, माझ्या घरात आहेत, भर उन्हातल्या मैदानातही आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, टेस्टच्या वेळी ती उपयोगी पडेल.

विटा आणि सिमेंट बुरशीला पचत नाहीत. ती खाते भिंतीवर बसलेली धूळ, स्वयंपाकघरातला तेलाचा ओशट थर, बाथरूममधला साबणाचा मळ, रंगातला चिकट भाग, वॉलपेपरची खळ, प्लायवूड, पुठ्ठा, पुस्तकांची बांधणी, साडीवरची स्टार्च. कॅमेऱ्याच्या काचेवरही ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. काच ती खात नाही, पण तिच्यावरचा बोटाचा ठसा तिला पुरतो. अन्न असं सगळीकडे आहे, ऊब आपल्याकडे बारा महिने आहे. अडतं ते फक्त पाण्यावाचून. बुरशी आटोक्यात ठेवायचा जो काही उपाय आहे तो याच एका गोष्टीत आहे, कारण बीजाणू, अन्न, ऊब आणि पाणी या चारांपैकी तेवढंच आपल्या हातात असतं.

वासाबद्दल एक सांगतो. तो कुबट वास बुरशी वाढत असताना सोडत असलेल्या वायुरूप रसायनांचा असतो. वास येतो आहे म्हणजे ती कुठेतरी आत्ता जिवंत आहे आणि जेवते आहे, मग डोळ्यांना डाग दिसो न दिसो. कपाट उघडल्यावर पहिल्या श्वासाला जे कळतं ते महागड्या यंत्रालाही कधीकधी कळत नाही. फक्त नाक दोन मिनिटांत सरावतं, म्हणून बाहेरगावाहून परतल्यावर दार उघडल्या क्षणी जो वास येईल तो खरा.

सगळं पांढरं बुरशी नसतं

जोत्याजवळ, फरशीच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत भिंत पांढुरकी होते, हात लावला की पिठासारखं हाताला लागतं, रंगाचे पोपडे सुटतात. याला जुने लोक भिंतीला लोणा लागला म्हणतात. ते मीठच असतं. जमिनीतली किंवा गळतीची ओल विटांतून चढते, येताना क्षार विरघळवून आणते, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीच्या तोंडावर उरतात. ओळखायची रीत सोपी आहे: बोटानं थेंबभर पाणी लावा. क्षार असतील तर विरघळून दिसेनासे होतात, बुरशी असेल तर ओली होऊन तिथेच राहते. भिंतीला लागलेल्या लोण्यानं दमा होत नाही. पण ज्या भिंतीत तो फुटतो तिथे पाणी आहे हे नक्की, आणि पाणी आहे तिथे दुसरी पाहुणी फार लांब नसते.

ती '२०२१ ची' काळी बुरशी

हा गोंधळ आपल्याकडे शब्दामुळे झाला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसची साथ आली. जून २०२१ च्या अखेरीपर्यंत देशात ४० हजारांवर रुग्ण नोंदले गेले, आणि महाराष्ट्र-गुजरातला त्याची झळ सर्वांत जास्त बसली. वर्तमानपत्रांनी त्याला 'काळी बुरशी' म्हटलं. अनेकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले, माणसं गेली. तेव्हापासून भिंतीवर काळा ठिपका दिसला की पोटात गोळा येतो.

पण म्युकरची बुरशी मुळात काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तपुरवठा तुटतो आणि मेलेला भाग काळा पडतो. काळेपणा माणसाच्या ऊतींचा, बुरशीचा नाही. ती माती, सडका पालापाचोळा, शिळी भाकरी यांवर वाढते आणि धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. साथीत ती उसळली ती आटोक्याबाहेरचा मधुमेह, स्टेरॉइडचा भडिमार आणि करोनानं खचलेली प्रतिकारशक्ती यांच्या संगनमतानं. बेडरूमच्या भिंतीवर पावसाळ्यात जे काळं दिसतं ते बहुतांशी क्लॅडोस्पोरियम किंवा ॲस्परजिलस या कुळांतलं असतं. नुसत्या रंगावरून जात सांगता येत नाही, आणि रंगावरून धोका तर अजिबातच नाही.

दुसरी भीती अमेरिकेतून आली: 'विषारी काळी बुरशी', म्हणजे स्टॅकिबोट्रिस. क्लीव्हलंड शहरात १९९३-९४ मध्ये काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला, त्यांच्या घरांत ही बुरशी सापडली आणि देशभर हाहाकार उडाला. पुढे तिथल्याच रोगनियंत्रण केंद्रानं तो सगळा अभ्यास पुन्हा तपासला आणि २००० साली जाहीर केलं की बुरशी आणि तो आजार यांचा संबंध सिद्ध होत नाही. दुरुस्ती कुणी वाचली नाही, भीती मात्र राहिली. स्टॅकिबोट्रिसला सतत भिजलेला कागद लागतो, अमेरिकन घरांच्या जिप्सम बोर्डवर असतो तसा. आपल्या विटा-प्लास्टरच्या भिंतींत तिला तो मिळत नाही. हल्ली मात्र आपणही जिप्समचं फॉल्स सीलिंग करून घेतो आणि त्याच्या वर नेमकं वरच्यांचं बाथरूम असतं. त्या छतावर पिवळट वर्तुळ उमटलं तर दुर्लक्ष करू नका, एवढंच.

मग धोका कुणाला, किती?

घाबरायचं कारण नाही म्हणजे दुर्लक्ष करावं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: ओल्या, बुरशीच्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर, दमा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त होतात. त्याआधी २००७ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र बेरीज-वजाबाकी झाली होती. त्यात अशा घरांमध्ये श्वसनाच्या आणि दम्याच्या तक्रारी सुमारे ३० ते ५० टक्क्यांनी जास्त आढळल्या.

रोजच्या अनुभवात हे असं दिसतं: सकाळी उठल्या उठल्या सात-आठ शिंका, चोंदलेलं नाक, डोळ्यांची खाज, रात्री आडवं झालं की कोरडा खोकला. ज्याला आधीच दमा आहे त्याचा पंप पावसाळ्यात दुप्पट वेळा निघतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यात आधी सापडतात, कारण तीच जास्त वेळ घरात असतात. दोष एकट्या बुरशीचा नसतो, हेही खरं. दमट हवेत गादीतले धुळीचे सूक्ष्म किडे वाढतात, आणि पावसाळ्यात सर्दी-पडशाचे विषाणूही फिरत असतात. म्हणून एक साधी नोंद ठेवा: चार-पाच दिवस गावी किंवा दुसऱ्या घरी गेल्यावर त्रास कमी होतो का, आणि परत आल्यावर रात्रीतून उलटतो का? महिनाभर अशी नोंद घेऊन डॉक्टरकडे गेलात तर त्यांना निदानाची अर्धी वाट आयती मिळते.

बुरशीनं कुणी मरतं का, असं विचारणाऱ्यांसाठी इंग्लंडमधली एक गोष्ट. रॉचडेल गावात, कमी भाड्यानं घरं देणाऱ्या सामाजिक गृहसंस्थेच्या फ्लॅटमध्ये राहणारा अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. वडील २०१७ पासून बुरशीची तक्रार करत होते. त्यांना सांगण्यात आलं, रंग मारून टाका. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं दीर्घकाळ बुरशीत राहिल्यानं झालेला श्वसनाचा विकार हे कारण नोंदवलं. त्यातून कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या अशा गृहसंस्थांवर ठरलेल्या मुदतीत ओल-बुरशीची दखल घेण्याचं बंधन आलं. असे मृत्यू विरळा असतात. पण 'रंग मारून टाका' हे उत्तर विरळा नाही. ते आपल्याकडेही रोज दिलं जातं.

आपल्याकडच्या दोन गोष्टी मात्र परदेशी लेखांत सापडत नाहीत.

एक म्हणजे कूलर. नागपूर-अकोला-जळगावकडे एप्रिल-मेमध्येही घरात ओल असते, कारण खिडकीत कूलर घोंघावत असतो. त्याच्या बाजूंचं लाकडी गवत किंवा वाळ्याची ताटी आठवडेच्या आठवडे भिजलेली, टाकीत तळाशी शेवाळलेलं पाणी, आणि मागे पंखा, जो हे सगळं थेट पलंगावर फेकतो. काहींच्या फुप्फुसांना अशा हवेतल्या बुरशीची, जिवाणूंची किंवा पक्ष्यांच्या विष्ठेची अशी ॲलर्जी होते की फुप्फुसांचा पोत हळूहळू जाड आणि चिवट होत जातो. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस असं त्याचं लांबलचक नाव. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय नोंदणीत २७ केंद्रांतल्या अशा फुप्फुसविकारांच्या १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हा आजार असल्याचं आढळलं, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा कूलरशी संबंध होता. घरी कूलर आहे म्हणून त्यानंच आजार झाला असं यातून सिद्ध होत नाही, कारण अर्ध्या उत्तर भारतात कूलर आहेच. पण दर हंगामाला ताट्या बदलायला, दोन-तीन दिवसांनी टाकी रिकामी करून घासायला आणि हंगाम संपल्यावर कूलर कोरडा करून ठेवायला हे कारण पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट क्षयाची. दम्याच्या काही रुग्णांत ॲस्परजिलस बुरशी श्वासनलिकांतल्या कफात घर करते आणि शरीर तिच्याविरुद्ध ॲलर्जीचं युद्ध पुकारतं. एक्स-रेवर डाग दिसतात, खोकला जात नाही, कधी कफात तपकिरी गुठळ्या येतात, कधी रक्त. क्षय इतका पसरलेल्या देशात डॉक्टरचा पहिला संशय कुठे जाणार? असे अनेकजण थुंकीत जंतू सापडलेले नसताना क्षयाची औषधं घेत राहतात आणि बरे होत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करायचीच, त्यात तडजोड नाही. पण दम्याचा जुना रुग्ण असेल, थुंकीची तपासणी वारंवार नकारात्मक येत असेल आणि एक्स-रेवरचे डाग जागा बदलत असतील, तर छातीच्या डॉक्टरला 'बुरशीच्या ॲलर्जीची रक्ततपासणी करायची का?' असं विचारायला लाजू नका. ती आयजीई नावाच्या प्रतिपिंडांची तपासणी असते.

ज्यांची केमोथेरपी चालू आहे, मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं आहे, बराच काळ स्टेरॉइड चालू आहेत, त्यांच्यासाठी मात्र घरातली बुरशी ही ॲलर्जीपुरती गोष्ट राहत नाही, तिचा थेट संसर्ग होऊ शकतो. अशा माणसानं बुरशी साफ करायला तर जाऊच नये. साफसफाई चालू असताना त्या घरात थांबूही नये.

टेस्ट करायची कधी?

आता मुद्द्यावर येऊ. घरातली बुरशी तपासणं म्हणजे एकतर यंत्रानं हवा ओढून त्यातले बीजाणू मोजणं, किंवा डागावर चिकटपट्टी अथवा कापूस फिरवून प्रयोगशाळेत पाठवणं. ऑनलाइन मिळणारा तिसरा प्रकार म्हणजे जेलीची उघडी बशी तासभर घरात ठेवून झाकायची आणि काय उगवतं ते बघायचं. ही बशी विकणाऱ्याचा धंदा कधी बुडणार नाही. बीजाणू सगळीकडे असतात म्हटलं ना? बशीत काहीतरी उगवणारच. जगातल्या सर्वांत स्वच्छ घरात उगवेल. उघडा ठेवलेला ब्रेडचा तुकडा हेच काम फुकटात करतो.

हवेच्या तपासणीची अडचण वेगळी आहे. आकडा येतो, पण तो कशाशी ताडायचा? एवढे बीजाणू म्हणजे सुरक्षित आणि एवढे म्हणजे धोकादायक, अशी आरोग्यावर आधारलेली मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेली नाही, अमेरिकेच्या केंद्र सरकारनंही नाही, कारण तेवढ्याच बीजाणूंनी एकाला दम लागतो आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. त्यातून खिडकी उघडी होती की बंद, पंखा चालू होता का, नुकताच केर काढला होता का, यावर आकडा दिवसागणिक बदलतो. ओळखीतल्या एका कुटुंबानं काही हजार रुपये खर्चून ही तपासणी करून घेतली. अहवालात चार लॅटिन नावं आणि त्यांच्यापुढे आकडे आले. मग त्यांनी मला फोन केला, "आता काय करायचं?" मी म्हटलं, अहवाल येण्याआधी जे करायचं होतं तेच. बेडरूमची भिंत का भिजते ते शोधायचं.

डाग डोळ्यांना दिसतो आहे, तर तपासणीची बहुतेक वेळा गरज नाही, असं अमेरिकेची पर्यावरण संस्थाही सांगते. जात कुठलीही निघाली तरी उपाय तोच: पाणी थांबवा, बुरशी काढा.

तरीही काही वेळा तपासणी कामाची असते. वास आहे, त्रास आहे, सगळं घर उलथून पाहिलं तरी डाग नाही, आणि भिंतीमागच्या पोकळीत, खोट्या छताच्या वर किंवा एसीच्या डक्टमध्ये काही आहे का हे फोडण्याआधी ठरवायचं आहे. घरात प्रतिकारशक्ती खचलेला रुग्ण येणार आहे आणि त्याच्या डॉक्टरनंच ती सुचवली आहे. पूर येऊन गेल्यावर मोठी साफसफाई झाली आणि ती नीट झाली का हे पाहायचं आहे. किंवा घरमालकाशी, बिल्डरशी, वरच्या मजल्याशी वाद कागदावर गेला आहे. या वेळी अट एकच घाला: नमुना घरातल्या त्या खोलीचा, घरातल्या चांगल्या खोलीचा आणि त्याच तासाला बाहेरच्या हवेचा, असे तिन्ही घ्या. बाहेरचा नमुना नसेल तर आतल्या आकड्याला अर्थ नाही. पावसाळ्यात बाहेरच बीजाणूंचा पूर असतो. आणि जो तपासतो तोच साफसफाईचं कंत्राट घेणारा असेल, तर अहवाल काय येणार हे सांगायला ज्योतिषी नको.

घर तपासण्यापेक्षा माणूस तपासणं बहुधा जास्त फायद्याचं ठरतं. त्वचेवर थेंब टाकून सुईनं टोचायची ॲलर्जी चाचणी किंवा रक्तातलं विशिष्ट आयजीई बघितलं की त्रास बुरशीचा, धुळीच्या किड्यांचा की शेजारच्या मांजराचा, हे बरंचसं कळतं.

पाणी कुठून येतं?

ही खरी टेस्ट, आणि तिला लागतो स्वयंपाकघरातला फॉइल. भिंतीचा ओला भाग वरवर पुसून कोरडा करा, फूटभर फॉइल किंवा जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि एक-दोन दिवसांनी काढा. ओल भिंतीकडच्या बाजूला साचली तर पाणी भिंतीतून येतं आहे. खोलीकडच्या बाजूला दव जमलं तर दोष खोलीतल्या हवेचा.

भिंतीतून येत असेल तर दिशा बघा. नैर्ऋत्य मोसमी पाऊस झोडपतो ती पश्चिम-दक्षिणेची भिंत असेल तर बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा. छताच्या कोपऱ्यातून असेल तर गच्ची. बाराही महिने ओल असेल आणि पाऊस नसतानाही वाढत असेल तर पाइप, वरच्यांची न्हाणी किंवा तुमच्याच बाथरूमची भिंतीपलीकडची बाजू. सोसायटीच्या भांडणासाठी एवढं माहीत असावं: आपल्या राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून, बाहेरच्या भिंतींतून आणि सामाईक पाइपांतून होणारी गळती दुरुस्त करणं संस्थेचं काम आहे, आणि एखाद्या फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकमुळे होणारी गळती त्या सभासदाची. कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात वरच्या मजल्यावरचे काका "आमच्याकडे तर काही गळत नाही" म्हणतात. गळणार कसं, ते खाली गळतं! अशा वेळी वरच्या न्हाणीत रंगीत पाणी साठवून खाली वाट बघण्याचा जुना प्रयोग वादविवादापेक्षा लवकर निकाल देतो.

हवेतली ओल असेल तर संशयित बरेच असतात. घरात वाळत घातलेल्या एका धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं. न वाळलेला टॉवेल दाराला, कुकरची वाफ, आंघोळीनंतर उघडं राहिलेलं दार. आणि एसी. जुलैमध्ये मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड झालेल्या कुठल्याही वस्तूवर ती हवा लागली की दव पडणार. रात्रभर एसी २० वर ठेवून सकाळी खिडकी सताड उघडली की भिंती, कपाट, आरसा सगळ्यांना घाम फुटतो. एसी २६ वर ठेवा, बंद केल्यावर तासभर थांबून खिडकी उघडा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. पुस्तकं सांगतात आर्द्रता ६० च्या खाली ठेवा. कोकणात जुलैत यंत्राशिवाय ते जमणार नाही, हे मान्य करू. पण बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं कपाट वीतभर पुढे ओढणं आणि वर पंखा चालू ठेवणं यानं मागचा कोंदटपणा मोडतो, आणि बुरशीला हवा असतो तो नेमका असा निवांत कोपरा.

काढायची कशी?

तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरच्या घरी काढायला हरकत नाही. त्याहून मोठा, किंवा सांडपाण्यामुळे आलेला असेल तर जाणत्या माणसाकडून. कोरड्या झाडूनं किंवा घासणीनं सुरुवात करू नका, बीजाणू खोलीभर उडतात. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, खिडकी उघडी, मुलं दुसऱ्या खोलीत. आधी साबणाच्या पाण्यानं ओलं करायचं, मग घासायचं, फडका फेकून द्यायचा आणि भिंत पंख्याखाली पूर्ण वाळवायची. ब्लीच लागतंच असं नाही. ते फरशीवर ठीक, पण प्लास्टरच्या आत पोचत नाही, आणि मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी देतेच, म्हणून मारण्यापेक्षा काढून टाकणं महत्त्वाचं. एक गोष्ट मात्र ठळक: ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. फुगलेलं प्लायवूड, भिजलेला पुठ्ठा, कुबट गादी यांच्यावर वेळ घालवू नका, टाकून द्या. लग्नातला शालू टाकवत नसेल तर उघडीप मिळाल्यावर सावलीच्या वाऱ्यात बाहेर, मऊ ब्रशनं, मास्क लावून साफ करा.

आजोबांच्या घरी चुन्यात मोरचूद घालून भिंती रंगवत. त्यात शहाणपण होतं. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला तिथे बसता येत नाही, आणि मोरचुदातलं तांबं तिला मारतं. कोकणात सुपारीवर पावसाआधी फवारतात ते बोर्डो मिश्रण म्हणजे हीच जोडी. शिवाय चुन्यातून भिंत श्वास घेत असे. आता ओल्या भिंतीवर आपण प्लॅस्टिक इमल्शन चढवतो, पाणी मागे कोंडतं आणि वर्षभरात फोड येतात.

यात आपला मुहूर्तही चुकतो. सगळे रंग लावतात दिवाळीच्या आधी, म्हणजे भिंत चार महिने पाणी प्यायल्यावर लगेच. वरून ती कोरडी वाटते, आत ओलीच असते. तोच रंग मार्च-एप्रिलमध्ये, गळती बुजवून, भिंत उन्हाळ्यात तापल्यावर आणि फॉइल दोन्ही बाजूंनी कोरडा निघाल्यावर लावला तर टिकतो. पाहुणे दिवाळीत पोपडे बघतील, बघू देत.